बॅटरीभर आवाज

भागीरथा — पण मी म्हंते कुंताबाई, काल सांजच्यान तो माणूस हाका कोणाले मारून राह्यला व्हता?

कुंता — कोणता माणूस?

भागीरथा — तोच, तुमच्या रेडवातला. आधी हळू मारल्या, मंग जोऱ्यानं मारल्या. आखरीले तं बिचारा घाईस आला. पण कोणी ओ देल्ली नाई त्याले.

कुंता — अहो, रेडिओवरचा तो मोठा गवई होता. गाणं होतं ते.

भागीरथा — गाणं? शब्द कुठी व्हते त्यात?

कुंता — होते दोन-तीन. तेच फिरवून फिरवून म्हणतात.

भागीरथा — मंग बरोबर. हाकाच त्या. जंगलात जनावर हरवलं का आमचा म्हातारा असाच हिंडे.

कुंता — मला आवडतं ते. पोळ्या करताना लावून ठेवलं की घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

भागीरथा — लेकरू हाये ना घरात.

कुंता — आहे. पण शिरू कुठं बोलतो अजून? नुसता बघत बसतो माझ्याकडे. आणि हे तर जंगलात तोडीचं कूप आखायला गेले की कोरचीकडेच राहतात. दिवाळीपासून मोजून सांगता येईल इतकेच जेवले असतील घरी. दिवसभरात एक पूर्ण वाक्य कोणी बोलत नाही माझ्याशी, भागीरथाबाई.

भागीरथा — मी नाई बोलत काय?

कुंता — तुम्ही बोलता. पण तुमच्या मासोळ्या विकून झाल्या की तुम्ही जाता.

भागीरथा — जावंच लागते. आज पाहा, चांगले मोठे पडले जाळ्यात. हे घ्या. डोकं मात्र तुमीच खाजा, लेकराले नका देऊ.

कुंता — का? काही होतं का? काटा अडकतो? की बाधतं?

भागीरथा — काई नाई होत. मस्त लागते म्हणून म्हंते. तुमी तं लगेच डोळे मोठे करता.

कुंता — सवय लागलीये. रात्री त्याचा श्वास मोजत बसते. उगाच काहीतरी मनात येतं आणि विचारायला कोणी नाही. म्हणून मग मी तुमचा तो शेतकऱ्यांचा कार्यक्रमसुद्धा ऐकते. परवा शेणखताचा खड्डा कसा खणायचा ते सगळं ऐकलं.

भागीरथा — आन खणला काय?

कुंता — नाही हो. पण सांगणारा माणूस चांगला होता. सावकाश बोलायचा. मध्ये एकदा थांबला आणि म्हणाला, "समजलं ना?"

भागीरथा — तुमी म्हणल्या असान, "समजलं."

कुंता — ...तुम्हाला कसं कळलं?

भागीरथा — मी दारात उभी व्हती. त्याच्या नमस्कारालेही तुमी नमस्कार करता. मी म्हणलं, आमाले लोक जंगली म्हंतेत.

कुंता — आता हसा.

भागीरथा — हसत नाई. आपल्याले कोणी रामराम केला तं करावाच. पण तो बातम्यावाला मले पटत नाई. कधी खोकलत नाई, कधी अडखलत नाई. इतकं खरं असते काय कोणाचं? मांगं म्हणला, आपला जिल्हा आता मुंबई राज्यात गेला. मी सकाळी उठून पायलं, तळं जागच्या जागी व्हतं.

कुंता — आणि परवाचं नाटक? ते तर तुम्ही पूर्ण ऐकलंत.

भागीरथा — त्याले पूर्ण म्हंतेत काय? दार वाजलं, बाई रडली, कोणीतरी म्हणलं "माफ कर", आन खतम. माह्या तोंडातली सुपारी फुटली नव्हती. आमच्याकडं नाटक म्हंजे कोंबडा बोलल्याबिगर कोणी उठत नाई.

कुंता — पण ती बाई काय सुंदर रडली! माझ्या तर अंगावर काटा आला.

भागीरथा — ते खरी बाई व्हती का?

कुंता — म्हणजे काय! बाईच होती.

भागीरथा — मंग त्यात काय नवल? बाईले रडता येतेच. आमच्या दंडारीत, गावच्या नाटकात, पोट्टाच नार होते. लुगडं नेसून, चोळी घालून उभा राह्यला आन रडला, का बसलेल्या बाया पदर लावतेत डोळ्याले. त्याले म्हंतेत काम. त्यातही फरक राह्यते. काई नार टोप घालतेत, खोटे केस. त्याचा आवाज अडकते.

कुंता — टोपानं आवाज कसा अडकेल?

भागीरथा — इथी, कानशिलापाशी. टोप घट्ट बांधा लागते ना, नाचताना पडू नाई म्हणून. मंग आवाज नाकातून निंघते. ज्याचे आपले केस असतेत त्याचा मोकळा. मी डोळे लावून सांगन, टोपाचा नार कोणता आन केसाचा कोणता.

कुंता — एवढं ऐकलंय तुम्ही?

भागीरथा — आयकलं. घरीच व्हतं.

पत्रू — बाईसाहेब! हाओ काय घरात?

भागीरथा — हा आला पाहा. नाक्याचं फाटक सोडून इथी.

कुंता — या पत्रूभाऊ. मोटार आली ना? माझी बॅटरी?

पत्रू — मोटार आली. बॅटरी नाई आली. डायवर म्हंते दुकानात माल खतम. पुढच्या बाजाराले पक्की आणतो म्हंते.

कुंता — पुढच्या बाजाराला? अहो, आज बुधवार! आज दुपारचा कार्यक्रम ऐकायचाच आहे मला. कालच आवाज इतका बारीक झाला होता. हे म्हणाले होते, आवाज असा खाली बसला की मग फार तर अर्धा-पाऊण तास धरायचा.

पत्रू — मंग सिलोनचे गाणे लावू नका. गाणे जास्ती बॅटरी खाते. बातम्या कमी खाते.

कुंता — असं काही नसतं.

पत्रू — खरंच बाईसाहेब. ढोलक वाजली का बसलीच.

भागीरथा — आन तू रोज सांजच्यान ओट्याखाली उभा राहून गाणे आयकते, तवा कोणाची खाते?

पत्रू — मी फाटकावर नजर ठेवून राह्यतो, बाई. तिथूनच दिसते चांगलं... हां, एक खबर राह्यलीच. डायवर म्हणला, आज सांजच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमात सावरटोल्याची दंडार लागणार हाये. आपल्या सावरटोल्याची! सगळे मोटारीत बसून नागपूरले गेल्ते, ढोलकीसकट. तिथी काचेच्या खोलीत गाऊन आले म्हंते. भागीरथाबाई, तुमचा इस्तारी पण त्यातच...

भागीरथा — पत्रू, फाटकावर गाडी उभी हाये. आवाज येऊन राह्यला.

पत्रू — मले तं नाई येत.

भागीरथा — मले येते. जाय तू.

पत्रू — बरं बरं. जातो. रामराम बाईसाहेब.

कुंता — इस्तारी कोण, भागीरथाबाई?

भागीरथा — तुमचा दुपारचा कवा लागते? पाहा बरं, वेळ झाली असन.

कुंता — आहे अजून. इस्तारी कोण?

भागीरथा — पोट्टा. माह्या पोटचा.

कुंता — तुम्हाला मुलगा आहे? तुम्ही एकट्या राहता म्हणून मला वाटलं...

भागीरथा — एकटीच राह्यते. म्हातारा व्हता, तो मांगल्या पावसात तापानं गेला. पोट्टा त्याच्या आधीच गेला. मेला नाई, गेला. घरातून.

कुंता — भांडून?

भागीरथा — दंडारीत नार व्हता तो. केस असे, कमरेले लागत. मी खोबऱ्याचं तेल घालो, मंग तो स्वतःच अंबाडा बांधे. लग्नाची गोष्ट निंघाली. पोरीवाले म्हणले, केसाच्या पोट्ट्याले पोरगी देत नाई, त्याले आधी माणूस करा. म्हाताऱ्याले लागलं ते. पोट्टा झोपला व्हता, जाळं कापाची सुरी घेतली आन मानेपासून कापले.

कुंता — झोपेत?

भागीरथा — झोपेत. सकाळी उठला, हात लावून पायला. एक शब्द बोलला नाई. डोक्शाले दुपट्टा बांधला आन गेला, तो गेलाच. तीनदा धान कापून झाला तवापासून.

कुंता — आणि शोधलं नाहीत?

भागीरथा — सावरटोल्याले दोन खेपा गेली पायी. एकदा म्हणले, दुसऱ्या मंडळीत गेला. एकदा म्हणले, आला व्हता, टोप घालून नाचला, मंग कुठी गेला मालूम नाई. एकजण म्हणला, पुरात पाह्यला व्हता शेवटचा. म्हातारा गेला तवा निरोप धाडला. पोचला का नाई, कोण सांगन? बाप गेल्याचं त्याले मालूम हाये का नाई तेही मालूम नाई.

कुंता — आणि आज तो रेडिओवर असेल.

भागीरथा — असन का नसन. पत्रूचं काय, तो मोटार आली म्हणून सांगते आन बैलगाडी येते. पण आवाज आयकला का मले समजन. हाये का नाई, एवढंच. भेटाले नाई म्हणत मी.

कुंता — भागीरथाबाई, मग मी... बघा, आपण असं करू. माझं फक्त एक पत्र ऐकायचं आहे. तिथं एक डॉक्टरबाई येतात, आयांच्या पत्रांना उत्तरं देतात. मी लिहिलंय, शिरू चौदा महिन्यांचा झाला, बसतो, रांगतो, पण उभं केलं की पाय दुमडून घेतो. माझ्या नणंदेचा मुलगा दहाव्या महिन्यात धावत होता.

भागीरथा — पाय जड हाये त्याचे. तळ्याकाठी वाळूत खड्डा करून उभं करा कमरेइतकं. मी करून देते.

कुंता — थंडीत? ओल्या वाळूत? आणि काही चावलं तर?

भागीरथा — ...बरं. नका करू.

कुंता — पत्राचं उत्तर मिळालं की लगेच बंद करते. दहा मिनिटं. बाकी सगळं तुमच्यासाठी ठेवू. चालेल ना?

भागीरथा — तुमचाच रेडवा, बाई.

कुंता — असं नका म्हणू. चालेल ना?

भागीरथा — लावा.

रेडिओ — ...नमस्कार भगिनींनो.

कुंता — नमस्कार.

भागीरथा — पाह्यलं? देल्ला.

रेडिओ — आज आपण प्रथम संत्र्याच्या सालींचे घरगुती उपयोग पाहू. साली सावलीत वाळवून...

कुंता — संत्र्याच्या साली! आज?

भागीरथा — बंद करा ना थोड्या वेळ. मंग लावा.

कुंता — आणि तेवढ्यात माझं पत्र होऊन गेलं तर?

भागीरथा — हो. तेही हाये.

रेडिओ — ...त्या चूर्णात थोडे बेसन मिसळून चेहऱ्यास लावल्यास...

भागीरथा — इतकं करून तोंडालेच लावाचं? खाणार कोणी नाई?

कुंता — श्श. आता पत्रं येतील. आवाज किती खाली गेला बघा.

रेडिओ — ...आता आपल्या पत्रांकडे वळू. पहिले पत्र वर्ध्याहून आहे. यांचा मुलगा झोपेत दात खातो...

कुंता — हे नाही.

रेडिओ — ...घाबरण्याचे कारण नाही. मात्र मुलास जंत आहेत का हे...

कुंता — शिरू खातो का हो दात? तुम्ही कधी ऐकलंय?

भागीरथा — दात चार हाये त्याले, बाई.

रेडिओ — ...दुसरे पत्र उमरेडहून. या भगिनी विचारतात, मुलीच्या कानात...

कुंता — माझं पुढचं असेल. चांदा जिल्हा त्याच्यानंतरच येईल.

भागीरथा — येईन.

कुंता — बंद करू का? सांगा तुम्ही. करू?

भागीरथा — आयका.

रेडिओ — ...कानात तेल घालू नये...

कुंता — मी घातलं होतं. देवा. मागच्या महिन्यात घातलं होतं.

भागीरथा — घातलं तं घातलं. आयकते ना तो चांगलं. मी आली का दाराकडे पाह्यते.

रेडिओ — ...भगिनींनो, आजची वेळ संपत आली आहे. राहिलेल्या पत्रांची उत्तरे पुढच्या बुधवारी...

कुंता — नाही. नाही, अजून एक तरी घ्या ना...

भागीरथा — संपलं, बाई.

कुंता — माझं नाव तर घ्यायचं! "चांदा जिल्ह्याहून पत्र मिळालं" एवढं तरी!

भागीरथा — बंद करा आता. खरखर येऊन राह्यली.

कुंता — भागीरथाबाई.

भागीरथा — हूं.

कुंता — मी दहा मिनिटं म्हटलं होतं.

भागीरथा — हो.

कुंता — तुम्ही "बंद करा" म्हणाला असतात, तर मी...

भागीरथा — केला असता?

कुंता — ...नसता केला.

भागीरथा — मंग कायले म्हणू? रडू नका. ते पोरगं तुमच्याकडंच पाहून राह्यलं. ते रडन मंग.

कुंता — तुम्ही रागावला असाल तर बोला. तुम्ही असं गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते.

भागीरथा — राग आला. थोडासा आला. गेला. आता सांगा, याच्यात जीव कसा घालतेत? साहेब काई करत व्हते ना मांगं?

कुंता — उन्हात ठेवायचे. दिवसभर ऊन खाल्लं की संध्याकाळी थोडी चालायची. पण आज ऊन कुठाय? सकाळपासून मळभ आहे.

भागीरथा — गरमीच पायजे ना? उनाची असो का आगीची.

कुंता — चुलीजवळ ठेवायची? फुटली तर?

भागीरथा — चुलीजवळ नाई. माह्या घरी चुलीच्या वर बांबूची ताटी टांगली हाये. मासोळ्या ठेवते धुरावर. खाली निवे राह्यते, विझत आलेले निखारे, वर निस्ती ऊब. ओली मासोळी दोन दिसात खडखडीत होते, पण जळत नाई. जन्म गेला माहा त्याच्यात.

कुंता — पण हे मासोळीसारखं नाही ना.

भागीरथा — नसन. तुमी नाई म्हणा, मी ठेवत नाई.

कुंता — ...ठेवा. घेऊन जा. फक्त जास्त वेळ नको. आणि पाण्याचा हात लावू नका. आणि ही तार ओढू नका, जपून. आणि भागीरथाबाई, संध्याकाळी इथंच जेवा. मासे मी करते.

(संध्याकाळ. तीच ओसरी. कंदील लागला आहे, शिरू भागीरथेच्या मांडीवर आहे.)

कुंता — अगबाई! हे काय झालं? वरचं डांबर सगळं वितळलंय.

भागीरथा — थोडंसंच वाह्यलं. मी बसूनच व्हती समोर. मंग म्हणलं, अजून थोडी ऊब लागू द्या, चांगली तापू द्या. तं ते घाम आल्यावानी वाहाले लागलं.

कुंता — आणि वास किती येतोय! बॅटरीला सुकटाचा वास. हे आल्यावर काय म्हणतील?

भागीरथा — म्हणतीन, आज रेडवानं मासे खाल्ले. लावून तं पाहा.

कुंता — बसत नाहीये. हां, बसली. तार... सुई कुठं होती... भागीरथाबाई, काहीच नाही. मेली ती.

भागीरथा — थांबा. म्हाताराही सकाळी उठाले वेळ घे.

कुंता — काही नाही हो...

भागीरथा — श्श! आयका.

कुंता — आली! खरंच आली! अहो, दुपारपेक्षा मोठा आहे आवाज!

भागीरथा — मी म्हणलं नाई काय? ऊब पायजे व्हती त्याले.

रेडिओ — ...धानाचे बाजारभाव आपण ऐकलेत. गावकरी मित्रहो, आता चांदा जिल्ह्यातील सावरटोला या गावची मंडळी आपल्यापुढे दंडार सादर करीत आहेत...

कुंता — सावरटोला म्हणाला! ऐकलंत? आपलं सावरटोला!

भागीरथा — नाव नाई सांगत काय? कोण कोण हाये ते?

कुंता — नाही सांगितलं. नुसतं "मंडळी" म्हणाला.

भागीरथा — मंडळी. सगळेच मंडळी.

कुंता — ढोलकी सुरू झाली. शिरू, बघ, ढोलकी!

भागीरथा — हा ढोलकीवाला नानाजी. याचा डावा हात मांगं राह्यते. अजून राह्यतेच, पाहा. आधी सगळे मिळून गातीन, मंग नार निंघन मधून. एकटी. तवा समजन.

कुंता — आवाज कमी होतोय.

भागीरथा — होऊ द्या. लेकराले घ्या तुमी.

कुंता — द्या. ये रे. तुम्ही अगदी जवळ जा. कान लावा त्या कापडाला.

भागीरथा — सगळे गाऊन राह्यले. मधी कोणीतरी हसलं. गाताना हसतेत मेले, इतक्या लांब जाऊन.

कुंता — मला इथं फार बारीक येतंय. हो, गाताहेत... शिरू, थांब, ओढू नकोस माझा पदर. थांब ना राजा.

भागीरथा — ढोलकी थांबली.

कुंता — ढोलकी थांबली की बॅटरी?

भागीरथा — बोलू नका.

कुंता — ...

भागीरथा — ...

कुंता — भागीरथाबाई? काही येतंय का?

भागीरथा — ...

कुंता — जरा बाजूला व्हा, मी सुई हलवून बघते. नाही. खरखरसुद्धा नाही. डांबर वितळलं तेव्हाच आतलं सगळं... माझं चुकलं. दुपारी त्या संत्र्याच्या साली ऐकत बसले मी. तेवढंच राखलं असतं तरी आत्ता...

भागीरथा — झालं आयकून.

कुंता — काय झालं?

भागीरथा — जेवढं पायजे व्हतं तेवढं झालं. ते ठेवा आता बाजूला. लेकराच्या हाताले डांबर लागन.

कुंता — पण मला वाटतं, तो एकटा गायला लागायच्या आधीच...

भागीरथा — तुमचं ध्यान पोराकडं व्हतं. व्हतं ना?

कुंता — हो. मी त्याच्याकडेच बघत होते.

भागीरथा — म्हणूनच.

कुंता — तोच होता?

भागीरथा — तोच. मासोळीचं पाहा तुमी, करपते.

कुंता — पाहते. तुम्ही बसा ना अजून. जेवल्याशिवाय जायचं नाही, ठरलंय आपलं. आणि भागीरथाबाई... पुढच्या बाजाराला बॅटरी आली की, सकाळी ऊन असताना, तो वाळूचा खड्डा बघू आपण. मी घोंगडी घेईन सोबत. तुम्ही धराल ना त्याला?

भागीरथा — धरीन. ...बाई, टोप नव्हता त्याच्या डोक्शावर.

कुंता — हं?

भागीरथा — केस वाढवले त्यानं.